चौदा ते अठरा : किशोर कामगारांचा रास्त मोबदला

पुणे-लोणावळा लोहमार्गावर कामशेत मागे पडले की मळवलीचे लहानसे स्थानक लागते. स्थानकाच्या एका बाजूस कार्ल्याचे चैत्यगृह व एकवीरा देवीचे मंदिर, तर दुसऱ्या बाजूस भाजे लेणी आणि त्यांच्या पाठीशी लोहगड व विसापूर हे दुर्ग आहेत. पावसाळा सुरू झाला म्हणजे शनिवारी व रविवारी लोकल गाड्यांतून पर्यटकांची रीघ येथे उतरते. रस्त्याने मोटारींच्या रांगा लागतात. या पाहुण्यांना चहा हवा असतो, भाजलेली कणसे हवी असतात, जेवण हवे असते, मुक्कामास खोली किंवा तंबू हवा असतो. लोणावळ्याची चिक्की घेतल्यावाचून कोणी परतत नाही.

पर्यटकांच्या या सरबराईसाठी अनेक हात लागतात. टेबल पुसणे, भांडी घासणे, कणसे भाजणे, लग्नसमारंभात पंगतीला वाढणे, बंगल्यांची झाडलोट करणे, चिक्कीची पाकिटे भरणे ही कामे फारसे कौशल्य न मागणारी आणि हंगामी स्वरूपाची आहेत. अशा कामांकडे दहावीची परीक्षा दिलेली किंवा शाळा मध्येच सुटलेली मुले-मुली साहजिकच वळतात. ज्या घरी भातशेतीचे उत्पन्न वर्षभर पुरत नाही, तेथे सोळा वर्षांच्या मुलाची कमाई हा संसाराचा आधार असतो.

चौदा वर्षांखालील बालकास कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. चौदा पूर्ण केलेल्या, पण अठरा पूर्ण न केलेल्या मुलांविषयी मात्र सार्वत्रिक गैरसमज आढळतो. चौदा वर्षे झाली, काम करण्यास हरकत नाही, तेव्हा ते कसेही व कितीही करून घ्यावे आणि द्यायचे ते द्यावे, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. कायद्याची भूमिका याच्या अगदी उलट आहे. या वयातील मुलाच्या कामाचे तास कायद्याने कमी केले आहेत. त्याच्या श्रमाचे मोल कमी केलेले नाही. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी हा फरक नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बोरघाटातील धडा

मजुरी थकविण्याचा प्रश्न या परिसराला नवा नाही. लोणावळ्यापुढे लोहमार्ग बोरघाटात उतरतो. हा घाटमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या बांधणीच्या ऐन काळात चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. मुख्य कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार आणि त्यांच्याखाली मुकादम अशी उतरंड होती. वरून निघालेला पैसा खालपर्यंत पोहोचण्याची शाश्वती नव्हती. १८५९ साली मजुरी थकल्यामुळे मजुरांत असंतोष माजला आणि घाटात दंगा उसळला. पुढच्याच वर्षी, १८६० साली, लोहमार्ग व अन्य सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांपुढे त्वरेने निकालात काढण्यासाठी कायदा करण्यात आला. तो सर्वस्वी मजुरांच्या बाजूचा होता असे नाही. काम सोडून जाणाऱ्या मजुरालाही त्यात शिक्षा होती. तथापि मजुरीचा तंटा ही सरकारने दखल घेण्याजोगी बाब आहे, हे त्यामुळे मान्य झाले.

मुलांच्या कामावर मर्यादा घालणारा पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. सात वर्षांखालील मुलास कारखान्यात घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याने सांगितले. या तोकडेपणाविरुद्ध मुंबईत आवाज उठविणाऱ्यांत सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे अग्रभागी होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज सिद्ध केला. साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती आणि ठरलेल्या तारखेस पगार या त्यांच्या मागण्या होत्या. १८९१ च्या सुधारित कायद्याने किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम सात तासांवर आले.

आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर सोळा वर्षांच्या एखाद्या मुलास उपाहारगृहात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उभे राहावे लागत असेल, तर १८९१ मधील गिरणीतील मुलाहूनही त्याची स्थिती या एका बाबतीत वाईट म्हटली पाहिजे.

कायद्याने आखलेली रेषा

बालकामगारविषयक मूळ कायदा १९८६ चा आहे. २०१६ साली त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली आणि ‘किशोर’ हा स्वतंत्र वर्ग प्रथमच त्यात आला. चौदा वर्षे पूर्ण केलेली, पण अठरा पूर्ण न केलेली व्यक्ती म्हणजे किशोर. या वर्गाबाबतच्या मुख्य तरतुदी अशा आहेत :

(१) धोक्याच्या व्यवसायांत व प्रक्रियांत किशोरास काम देता येत नाही. खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ यांच्याबरोबरच दगडखाणी आणि वीटभट्ट्या यांचाही या यादीत समावेश आहे. या नियमाचा भंग करणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

(२) अन्य ठिकाणी सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागते. विश्रांती आणि काम मिळेपर्यंत थांबण्याचा वेळ धरून एकूण कालावधी सहा तासांपेक्षा अधिक असू नये. म्हणजेच प्रत्यक्ष काम पाच तासांपलीकडे जाऊ शकत नाही.

(३) सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम घेता येत नाही. जादा कामही घेता येत नाही.

(४) एका ठिकाणी काम केलेल्या किशोरास त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी कामास लावता येत नाही. दुपारी उपाहारगृहात आणि रात्री लग्नाच्या पंगतीत, हा प्रकार यास्तव दोन कारणांनी नियमबाह्य ठरतो.

(५) आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी द्यावी लागते.

(६) मालकाने नोंदवही ठेवली पाहिजे. किशोराचे नाव, जन्मतारीख, कामाचे स्वरूप, कामाचे व विश्रांतीचे तास तीत लिहिलेले असावेत.

हे नियम वाचल्यावर, ‘एवढ्या अटी पाळून मुलास कोण ठेवील?’ असा प्रश्न विचारला जातो. उत्तर सरळ आहे. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात एक तास विश्रांती देऊन काम देणे अशक्य नाही. गर्दी संध्याकाळी असते, ही अडचण खरी आहे. पण संध्याकाळच्या गर्दीसाठी प्रौढ माणूस ठेवावा, असेच कायद्यास अभिप्रेत आहे.

तीन शब्द, तीन पळवाटा

किशोरास पूर्ण मोबदला न देण्यामागे सामान्यतः तीन कारणे सांगितली जातात. ‘तो शिकाऊ आहे’, ‘तो सुटीपुरता आहे’ आणि ‘तो घरचाच आहे’. वरवर पाहता ती आपुलकीची वाटतात. प्रत्येकाची छाननी केली असता त्यांचा पोकळपणा ध्यानात येतो.

शिकाऊ कोणास म्हणावे, याचे एक चांगले उदाहरण मावळातच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या केलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना सुरू झाला. काच तयार करण्याची विद्या येथील तरुणांना यावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. तेथे शिकलेल्यांनी पुढे ही विद्या अन्यत्र नेली. शिकाऊपणाचा अर्थ हा असा आहे. शिकविणारा ठरलेला असतो, शिकण्याचा विषय ठरलेला असतो आणि मुदत संपल्यावर हाती कसब येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानेही लेखी करार, त्याची नोंदणी, अज्ञानाच्या वतीने पालकाची सही आणि विहित विद्यावेतन या गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. दोन वर्षे कपबशा विसळल्यानंतर मुलास कपबशा विसळण्यापलीकडे काही येत नसेल, तर तो शिकाऊ नव्हता. कमी पैशांत मिळालेला कामगार होता.

‘सुटीपुरता’ या शब्दाचेही तसेच. दोन महिन्यांचे काम असो वा दोन दिवसांचे, केलेल्या कामाचे वेतन देय असते. रोजंदारीने ठेवलेल्यास त्याच दिवशी काम संपताना, आठवड्याच्या बोलीवर असलेल्यास आठवड्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी आणि मासिक पगारदारास पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत पैसे द्यावेत, असे वेतन संहितेत म्हटले आहे. काम सोडल्यास किंवा काढून टाकल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो. ‘शाळा सुरू झाली, आता दिवाळीत ये, तेव्हा बघू’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

‘घरचाच आहे’ हे तिसरे कारण खेड्यात विशेष चालते. कायद्याने बालकाला शाळेच्या वेळेनंतर घरच्या, बिनधोक्याच्या व्यवसायात हातभार लावण्याची मुभा दिली आहे. पण तेथे कुटुंबाची व्याख्याही दिली आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, तसेच आईवडिलांचे भाऊ-बहीण एवढ्यांपुरतीच ती आहे. गावकीचा काका, शेजारचा मामा किंवा ओळखीचा शेठ त्या व्याख्येत बसत नाही. आणि परक्या घरी राहून राबणाऱ्या मुलीस ‘पोटच्या मुलीप्रमाणे ठेवले आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा घरातील पोटची मुलगी त्या वेळी शाळेत असते की भांड्यांपाशी, एवढे पाहिले तरी पुरे होते.

हिशेब कसा करावा

मासिक रक्कम ऐकून मोबदला रास्त आहे की नाही हे समजत नाही. तो तासावर आणून पाहावा लागतो. केवळ रीत समजावी म्हणून पुढील आकडे कल्पिले आहेत. एका मुलास महिना ७,८०० रुपये व जेवण मिळते. तो सकाळी सातला येतो आणि रात्री दहाला सुटतो. मधले दोन तास जेवण व विश्रांतीचे सोडले तर दिवसाचे तेरा तास भरतात. साप्ताहिक सुटी नसल्याने तीस दिवसांचे ३९० तास झाले. तासास वीस रुपये पडले.

कायद्याच्या मर्यादेत राहून रोज पाच तास व महिन्यास सव्वीस दिवस काम घेतले असते, तर १३० तास भरले असते. तेवढ्याच रकमेत तासास साठ रुपये पडले असते. याचा अर्थ असा की, एका मुलाच्या पगारात तीन मुलांइतके काम करून घेतले गेले. पगाराचा आकडा बदलला नाही; मुलाच्या झोपेचे, अभ्यासाचे आणि खेळण्याचे तास त्यातून वजा झाले. मर्यादेबाहेर राबवून घेतले म्हणून त्या तासांची मजुरी बुडविता येते, असेही कोणी समजू नये.

नगावर किंवा किलोवर होणाऱ्या कामातही हीच कसोटी लावावी. पाकिटे भरण्याचा दर ठरविताना एका तासात सर्वसाधारणपणे किती पाकिटे होतात, हे पाहिले की खरा दर उघड होतो. मुलीस मुलापेक्षा कमी दर देण्यास तर कोणताही आधार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ ने १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्यात प्रौढ, किशोर, बालक व शिकाऊ यांच्यासाठी निरनिराळे दर ठरविण्याची मोकळीक होती. नव्या संहितेत दर ठरविताना मुख्यतः कामाचे कौशल्य आणि भौगोलिक क्षेत्र पाहावयाचे आहे. वेतन रोखीने, धनादेशाने किंवा बँक खात्यात द्यावयाचे आहे. कपात कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठी व मर्यादेतच करता येते. कप फुटला की पगारातून पैसे कापणे ही सर्रास चाललेली प्रथा आहे. परंतु नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झाले काय, याबाबत त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून अशी कपात करता येत नाही. पंधरा वर्षांखालील कामगारास दंड करण्यासही मनाई आहे. वेतन न दिल्याची तक्रार झाल्यास ते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, ही तरतूद तोंडी बोलीवर राबणाऱ्या मुलांच्या दृष्टीने मोलाची आहे.

याही पुढे, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास कामासाठी बांधून ठेवणे, त्याची कमाई अडकवून ठेवणे किंवा ती स्वतःसाठी वापरणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. पहिल्या महिन्याचा पगार ‘अनामत’ म्हणून मागे ठेवणाऱ्यांनी ही तरतूद अवश्य वाचावी.

उचल आणि वीटभट्टी

पावसाळा सरला की मावळातील आणि घाटाखालील कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायको कामावर जातात आणि कुटुंबासह गेलेली मुलेही नकळत त्या कामात ओढली जातात. मजुरी जोडप्याच्या नावावर विटांच्या हजारांवर मोजली जाते. पंधरा वर्षांच्या मुलाने वाहिलेल्या विटा त्यात मिसळून जातात. त्याचे नाव कोठेच येत नाही.

उचलीच्या बदल्यात मुलाचे श्रम गहाण टाकणारे करार १९३३ च्या कायद्यानेच निरर्थक ठरविले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धतच रद्द केली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हीसुद्धा राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय. गरिबीमुळे माणूस कमी मजुरी पत्करतो तेव्हा ती त्याची खुषी नसते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. ‘मुलगा स्वतःहून आला, त्यानेच कबूल केले’ या नेहमीच्या सबबीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

वागणूक

मोबदल्याबरोबर वागणुकीचाही विचार केला पाहिजे. किशोरास नाव असते. ‘ए पोऱ्या’ किंवा ‘छोटू’ ही त्याची ओळख नव्हे. रात्री मुक्कामास ठेवले असल्यास भटारखान्याच्या फरशीवर झोपविणे, भाजल्या-कापल्यावर औषधोपचार न करता घरी धाडणे, गिऱ्हाइकासमोर हात उगारणे हे प्रकार सहन करण्याजोगे नाहीत. मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृहाची सोय, अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचण्याची व्यवस्था आणि एकांतातील कामापासून संरक्षण यांकडे लक्ष हवे. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांपर्यंतच्या सर्वांना लागू आहे. असा प्रकार कळूनही तो न कळविणे हा त्याखाली गुन्हा आहे.

कोणी काय करावे

तपासणीची चाहूल लागताच मुलास घरी पाठवून देण्याचा प्रकार घडू शकतो. मालक सुटतो, मुलगा मात्र काम आणि थकलेला पगार या दोहोंस मुकतो. असा मुलगा पुढे आणखी आडबाजूच्या व आणखी धोक्याच्या ठिकाणी काम शोधतो. म्हणून कारवाई करताना त्याचा देय मोबदला प्रथम वसूल करून त्याच्या हाती पडेल, हे पाहणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरते. काम धोक्याचे नसेल आणि वय चौदाच्या पुढे असेल, तर तास व दर कायद्यात बसवून काम चालू ठेवणे हाही मार्ग आहे.

ग्रामपंचायतीस गावातील प्रत्येक घर ठाऊक असते. चौदा ते अठरा वयाच्या मुला-मुलींची यादी करून कोण शाळेत आहे, कोण कामावर आहे, कोठे व किती तास आहे, याची नोंद वर्षातून दोनदा, म्हणजे हंगामापूर्वी व हंगामानंतर घ्यावी. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील गाव बालसंरक्षण समितीने ती पाहावी. चालू किमान वेतनाचे दर सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडून मागवून पंचायतीच्या फलकावर लावावेत. गावातील उपाहारगृहे व मुक्कामाच्या जागा चालविणाऱ्यांना एकत्र बोलावून वरील सहा नियम वाचून दाखविण्यास खर्च काहीच येत नाही.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो आणि तेथेच अनेकांची शाळा सुटते. कामावर गेलेल्या विद्यार्थ्यास १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीस बसता येते, हे त्याला सांगणारा बहुधा शिक्षकच असतो. जन्मतारखेचा दाखला विनाविलंब देणे, ही साधी गोष्टही वयाच्या वादात मुलाचे रक्षण करते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने हजारो मुलांना उभे केले. श्रम आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्रात अशी पूर्वीपासून आहे. तीत श्रमाचे मोल मुलालाच मिळत असे, हे विसरता कामा नये.

अडचणीत असलेल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. तो शाळेच्या भिंतीवर, स्थानकावर व बसथांब्यावर ठळकपणे लिहिलेला असावा.

मळवलीहून कार्ल्याच्या डोंगरावर जाणाऱ्यास चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतील दानलेख दिसतात. त्यांत सामी नावाच्या धेनुकाकटच्या एका सुताराचा उल्लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी श्रम करणाऱ्या माणसाचे नाव येथे दगडात कोरले गेले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी काम करणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव, वय आणि कामाचे तास निदान एका वहीत लिहिलेले असावेत, ही अपेक्षा मोठी नाही. नोंद झाली की तास मोजता येतात, आणि तास मोजले की मोबदला मागता येतो. या कामाची सुरुवात प्रत्येक ग्रामपंचायतीस येत्या हंगामापूर्वी करता येण्यासारखी आहे.